शेवटचा डबा

राहुरी, वांबोरी, श्रीरामपूर किंवा कोपरगाव. यांपैकी कोठल्या तरी रेल्वे फाटकाशी तुम्ही सायकल टेकवून उभे राहिला असालच. फाटक पडलेले असते, मालगाडी धडधडत येते आणि मुले डबे मोजू लागतात. एक, दोन, तीन... चाळीसच्या पुढे मोजणी चुकते. तेवढ्यात एक वेगळाच, छोटासा, व्हरांडा असलेला डबा येतो. त्यात एक माणूस उभा असतो. आपण हात हलवतो, तोही हात हलवतो, आणि गाडी संपते.

हा गार्डाचा डबा. रेल्वेच्या भाषेत ब्रेकव्हॅन. अमेरिकेत याच डब्याला 'कबूज' म्हणतात. हा शब्द मूळचा डच खलाशांचा. जहाजावरच्या स्वयंपाकाच्या खोलीला ते अशाच नावाने ओळखत. अमेरिकेतल्या लांब प्रवासात मालगाडीचे कर्मचारी शेवटच्या डब्यातच शेगडी पेटवून जेवण रांधत, तेव्हा नाव काही अगदी चुकीचे नव्हते.

मित्रांनो, या डब्यात माल भरत नाहीत. प्रवासीही बसत नाहीत. मग शेकडो टन माल ओढणाऱ्या गाडीने हे लोढणे गळ्यात का बांधून घ्यावे? याचे उत्तर शोधताना तुमच्या पुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र भेटीला येते. आणि हा डबा आता हळूहळू नाहीसा होऊ लागला असल्याने तो पाहून, मोजून, नोंदवून ठेवण्याची हीच वेळ आहे.

उतारावरची सुटलेली वाघीण

दौंड ते मनमाड हा आपल्या जिल्ह्यातून जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. नकाशात तो साधा दिसतो, पण उंचीच्या दृष्टीने पाहिला तर त्याला चांगलाच चढउतार आहे. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तर गोदावरीकाठचे कोपरगाव ५०० मीटरच्या आसपास. म्हणजे उत्तरेकडे जाणारी गाडी एकूण दीडशे मीटर खाली उतरते.

रुळावरच्या लोखंडी चाकाला घर्षण फार कमी. सपाट रुळावर एक टन वजन हळू वेगाने चालवत ठेवायला साधारण दोन किलो वजनाइतके बल पुरते. म्हणजे पाचशेस एक हे प्रमाण झाले. रेल्वे एवढी स्वस्तात माल वाहते ती याच गुणामुळे. पण हाच गुण उतारावर वैरी होतो. ५०० मीटरला १ मीटर यापेक्षा जास्त उतार असला की ब्रेक नसलेली वाघीण स्वतःहून चालू लागते.

समजा, उतार २०० मीटरला १ मीटर आहे. गाडीचे कप्लिंग तुटले आणि मागच्या काही वाघिणी सुटल्या. त्यांचे त्वरण किती?

त्वरण = ९.८ × (१/२०० − १/५००) = सुमारे ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग.

किती क्षुल्लक संख्या! पण 'वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर' हे सूत्र वापरा. एक किलोमीटर गेल्यावर वेग ताशी २८ किलोमीटर होतो. पाच किलोमीटर गेल्यावर तो ताशी ६२ किलोमीटर होतो. सुटलेल्या दहा वाघिणींचे वजन आठशे टन धरा आणि त्यांची गतिज ऊर्जा तुम्हीच काढा. समोरून दुसरी गाडी येत असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

यात वाघिणींचे वजन सूत्रातून गळून गेले, हे लक्षात आले का? एक वाघीण सुटो की पन्नास, वेग तोच. गॅलिलिओने हलक्या आणि जड गोळ्यांबद्दल जे सांगितले तेच इथे रुळावर खरे ठरते.

रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात मालगाडीच्या सगळ्या डब्यांना इंजिनातून लागणारे ब्रेक नव्हतेच. ब्रेक इंजिनाला आणि ब्रेक गार्डाच्या डब्याला. मधल्या वाघिणी नुसत्या साखळीला साखळी जोडून चालत. गाडी तुटली तर सुटलेल्या भागात ब्रेक असलेला डबा एकच, तो शेवटचा. त्यात बसलेल्या माणसाने धावत जाऊन लोखंडी चाक फिरवले तर गाडी थांबे, नाहीतर नाही. म्हणून हा डबा शेवटी. मध्ये नाही आणि पुढेही नाही.

उलटा विचार

अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. पहिल्या रचनेत ब्रेक लावायचा तर इंजिनातून नळीत हवा सोडावी लागे. पण गाडी तुटली की नळीही तुटणार, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक निकामी! १८७२ साली त्यांनी हा विचार उलटा केला. नळीत हवा कायम भरलेली ठेवायची. प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी ठेवायची. नळीतला दाब कमी झाला की टाकीतली हवा सिलिंडरात शिरून ब्रेक लावेल. आता नळी तुटली की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतो. बिघाड झाला की यंत्राने सुरक्षित बाजूला कलावे, हे तत्त्व पुढे विजेच्या, विमानाच्या, अणुभट्टीच्याही रचनेत आले.

आपल्याकडे बराच काळ याचा चुलतभाऊ, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक चालला. त्यात नळीतली हवा काढून घेत. पाऱ्याचा स्तंभ ५३ सेंटिमीटर होईल इतके निर्वात ठेवले की ब्रेक सुटलेले राहत. बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागत. ही रचना साधी आणि भरवशाची, पण तिला निसर्गाने घातलेली एक मर्यादा होती. तिचे बल वातावरणाच्या दाबातून येई, आणि वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटरपेक्षा जास्त कोठून आणणार? ५३ सेंटिमीटर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो. हवेच्या ब्रेकमध्ये नळीत ५ किलोचा दाब ठेवतात आणि ब्रेक पूर्ण लागला की सिलिंडरात सुमारे ३.८ किलो मिळतो. म्हणजे पाचपटीहून जास्त. गाड्या लांब आणि जड होऊ लागल्या तसा व्हॅक्यूम मागे पडला.

मग सगळ्या डब्यांना आपोआप लागणारे ब्रेक मिळाल्यावर गार्डाचे काम संपले का? नाही. त्याच्या डब्यात दाब दाखवणारे घड्याळ असते. पुढून भरलेली हवा पार शेवटपर्यंत पोचली की नाही, हे त्या घड्याळावरूनच कळते. मधला एखादा नळ कोणी बंद ठेवला असेल तर इंजिनातले घड्याळ सर्व ठीक दाखवील, पण शेवटचे दाखवणार नाही. शिवाय गाडी बराच वेळ उभी राहिली तर सिलिंडरातली हवा हळूहळू गळते. त्या वेळी हाताने फिरवायचा जुना ब्रेक आणि चाकाखाली घालायची पाचर हेच खरे सोबती.

गाडी वाटेत अडली तर मागची राखण गार्डाकडेच असते. ब्रॉडगेज मार्गावर मागे ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर एकमेकांपासून सुमारे दहा मीटरवर तीन, असे आवाजी फटाके रुळावर ठेवायचे, हा नियम आहे. मागून येणाऱ्या इंजिनाखाली ते फुटले की चालकाला धोका कळतो. रात्री, पावसात, कंदील घेऊन एकट्याने सव्वा किलोमीटर चालत जायचे, याची कल्पना करून पाहा.

आणि स्टेशनमास्तरांचे काय? गाडी समोरून गेली की ते शेवटच्या डब्याकडे पाहतात. तेथे 'एल. व्ही.' म्हणजे 'शेवटचे वाहन' अशी पाटी असते, रात्री तांबडा दिवा असतो. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मागे रुळावर काही राहिले नाही. पाटी नसेल तर मागच्या टप्प्यात दुसरी गाडी सोडता येत नाही. म्हणजे शेवटचा डबा हा गाडीच्या वाक्याचा पूर्णविराम आहे.

शेवटी बसणाऱ्याचे हाल

हा डबा चालवणाऱ्याच्या सोयीचा मात्र कधीच नव्हता. ५८ वाघिणींच्या गाडीत प्रत्येक जोडाला समजा ५ सेंटिमीटर मोकळीक आहे. म्हणजे एकूण सुमारे ३ मीटर. इंजिन निघाले की ते ३ मीटर पुढे जाईपर्यंत शेवटचा डबा हलतच नाही. इंजिनाचे त्वरण ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले तर तोवर त्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटर होतो. हा वेग शेवटच्या डब्याला क्षणात मिळतो. ०.२ सेकंदात मिळाला असे धरा, तर त्या डब्याचे त्वरण इंजिनाच्या जवळजवळ चाळीसपट भरते! न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार गार्डाचे शरीर जागच्या जागी राहू पाहते आणि बाकडे पुढे पळते. म्हणून अनुभवी गार्ड गाडी निघताना काहीतरी घट्ट धरून उभे राहतात.

ब्रेक लागतानाही असेच. नळीतला दाब कमी झाल्याची बातमी ध्वनीच्या वेगाहून जलद जाऊ शकत नाही. सातशे मीटर लांब गाडीत ती शेवटपर्यंत पोचायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. तोवर पुढचे डबे मंदावलेले असतात आणि मागचे त्यांच्यावर जाऊन आदळतात.

जुना चार चाकी ब्रेकव्हॅन तर नुसता खडखडाट होता. दोन आस, कडक कमानी, अंगावर माल नाही, त्यामुळे हलके वजन. प्रत्येक सांध्यावर उसळी ठरलेली. पुढे प्रवासी डब्यांसारख्या बोगी बसवलेले आठ चाकी ब्रेकव्हॅन आले, त्यांना 'बी.व्ही.झेड.आय.' म्हणतात. त्यांची चाल बरीच सौम्य आहे. चार चाकी हवाब्रेकवाला प्रकार 'बी.व्ही.झेड.सी.'. फाटकाशी उभे असताना चाके मोजली तरी दोन्हींतला फरक ओळखता येतो.

हातात मावणारी रेल्वे

परदेशांत या डब्यावर लोकांचा इतका जीव की त्याच्या छोट्या प्रतिकृती जमवणारे हजारो छांदिष्ट आहेत. अमेरिकेतील लायोनेल या कंपनीच्या जुन्या खेळण्यांतला तांबडा कबूज, इंग्लंडमधील हॉर्न्बीचा करडा ब्रेकव्हॅन, यांना मूळ खोक्यासह चांगली किंमत येते. हॉर्न्बी म्हणजे मेकॅनो काढणारे फ्रँक हॉर्न्बी. त्यांच्या खेळण्यांतल्या गाड्या १९२० साली आल्या. पण जाणते संग्राहक नुसते खेळणे घेऊन थांबत नाहीत. ज्या खऱ्या डब्यावरून ते केले तो शोधतात, त्याचे फोटो, मापे, क्रमांक मिळवतात आणि प्रतिकृती किती खरी आहे ते तपासतात. छंदाचा अभ्यास होतो तो इथे.

प्रतिकृतीचे सर्वांत प्रचलित प्रमाण ८७ ला १ आहे, त्याला 'एच.ओ.' म्हणतात. त्यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. १६.५ ला ८७ ने गुणा: १४३५ मिलिमीटर. हे युरोप-अमेरिकेतले प्रमाणित अंतर. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरहून थोडे जास्त येते. म्हणून बाजारातल्या रुळांवर आपला ब्रेकव्हॅन ठेवला तर वरचा डबा भारतीय आणि चाके परदेशी, असा प्रकार होतो!

आणखी एक गंमत. लांबी ८७ पट लहान केली की घनफळ ८७ च्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी लहान होते. १३ टनांचा डबा या हिशेबाने फक्त २० ग्रॅमचा व्हायला हवा. पण अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या संघटनेचा सल्ला असा की दहा सेंटिमीटरच्या प्रतिकृतीचे वजन सुमारे ८५ ग्रॅम ठेवावे. हिशेबाच्या चौपट का? कारण रुळाच्या सांध्यातली उंचसखल, आसाचे घर्षण, कप्लिंगची ओढ ही सारी ८७ च्या घनाने लहान होत नाहीत. डबा हलका ठेवला तर तो रुळावरून उतरतो. निसर्गाचे नियम आकाराबरोबर सरसकट लहान होत नाहीत, हे उंदीर आणि हत्ती यांच्या पायांकडे पाहूनही कळते.

हे सारे चालताना पाहायचे असेल तर पुण्याला जा. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. एका माणसाने आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभे राहिले आहे. शाळेच्या सहलीत ते जरूर घ्यावे.

खर्चाशिवायचा संग्रह

परदेशी प्रतिकृती महाग असतात. पण आपल्याला त्यांची गरज नाही. खऱ्या गाड्या दारावरून जातात, त्यांचा संग्रह वहीत करता येतो.

प्रत्येक वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक प्रकार सांगतात. ८५ ते ८९ म्हणजे ब्रेकव्हॅन. पुढचे दोन कोणत्या रेल्वेचा ते सांगतात. ०१ म्हणजे मध्य रेल्वे. पुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार त्या डब्याचा स्वतःचा क्रमांक, आणि अकरावा अंक पहारेकरी. तो आधीच्या दहांची तपासणी करतो. कसा ते पाहा. समजा क्रमांक आहे ८५०१९७२०४३९. पहिल्या दहांतले सम स्थानांवरचे अंक मिळवा: ५+१+७+०+३ = १६. त्याची तिप्पट ४८. विषम स्थानांवरचे मिळवा: ८+०+९+२+४ = २३. बेरीज ७१. पुढचा दशक ८०. तो गाठायला ९ हवेत. म्हणून अकरावा अंक ९. तुम्ही घाईत एखादा अंक चुकून लिहिलात तर हिशेब जुळणार नाही, आणि वहीतली चूक तुम्हाला लगेच सापडेल.

आता लांबी मोजू. रुळावर न उतरता! उघडी मालवाहू 'बॉक्सएन' वाघीण सुमारे १०.७ मीटर लांब असते. फलाटावरून मोबाईल एका जागी स्थिर धरून जाणाऱ्या गाडीचे चित्रण करा. दहा वाघिणी, म्हणजे १०७ मीटर, जायला समजा १२ सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला ८.९ मीटर. सेकंदाला ३० चित्रे येत असतील तर एका चित्रात गाडी सुमारे ०.३ मीटर सरकते. ब्रेकव्हॅन जायला ३८ चित्रे लागली, तर त्याची लांबी सुमारे ११.३ मीटर. एका चित्राची चूक म्हणजे ०.३ मीटरची चूक, हेही वहीत लिहा. मोजमाप किती अचूक आहे हे न सांगता दिलेली संख्या अपुरी असते. पाच गाड्यांची सरासरी काढा आणि मग पुठ्ठ्यातून ५० ला १ प्रमाणात डबा करा. रुळांमधले अंतर साडेतेहतीस मिलिमीटर येईल.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. रुळावर जाणे, उभ्या गाडीखाली वाकणे, यार्डात शिरणे हा गुन्हा तर आहेच, पण जिवावर बेतणाराही खेळ आहे. विजेवर चालणारी गाडी फारसा आवाज न करता येते. फलाट, फाटक आणि पूल, याच आपल्या वेधशाळा.

पूर्णविराम पुसला जाताना

अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात कबूज गेले. त्यांच्या जागी शेवटच्या वाघिणीला एक पेटीएवढे यंत्र लावतात. ते नळीतला दाब मोजून रेडिओने इंजिनाला कळवते आणि रात्री दिवा लुकलुकवते. इंग्लंडमध्ये सर्व डब्यांना अखंड ब्रेक असलेल्या मालगाड्यांवरची ब्रेकव्हॅनची सक्ती १९६८ सालीच उठली होती. आपल्याकडेही असे यंत्र आणले जात आहे. गाडी अख्खी आली की नाही हे आता अनेक मार्गांवर आस मोजणारी उपकरणे सांगतात: ५८ वाघिणींचे २३२, इंजिनाचे ६, चार चाकी ब्रेकव्हॅनचे २, असे २४० आस आत गेले आणि २४० बाहेर आले, तर मार्ग मोकळा. जानेवारी २०२२ मध्ये 'गार्ड' हे पदनामही बदलून 'ट्रेन मॅनेजर' झाले.

यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. एकट्या माणसाला हादरे खात, रात्र रात्र खडखडत्या डब्यात बसावे लागणार नसेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. पण जे जाते त्याची नोंद तरी राहायला हवी.

हे मी सांगतो त्याला कारण आहे. शाळेत असताना, १९९० नंतरच्या काही वर्षांत, माझ्याकडेही अशी एक वही होती. तिच्यात तारखा आहेत, डब्यांचे क्रमांक आहेत, किती वाघिणी मोजल्या ते आहे. पण तेव्हाच्या व्हॅक्यूमवाल्या चार चाकी ब्रेकव्हॅनची लांबी, दाराची जागा, व्हरांड्याच्या गजांची संख्या, यांतले काहीच नाही. तो रोज दिसत होता, म्हणून मोजावासा वाटला नाही. आता पुठ्ठ्यातला डबा करायला बसलो की प्रत्येक मापापाशी हात थांबतो.

तेव्हा पुढच्या वेळी फाटक पडले की कंटाळू नका. वही काढा. डबे मोजा, चाके मोजा, क्रमांक उतरवा. आणि शेवटचा डबा आला की आधी हात हलवा. मापे नंतरही घेता येतील. तो माणूस पुढच्या फाटकाला गेलेला असेल.